उसने ठिपके

लेखमाला : खेळाच्या पडद्यामागे (भाग ९)

गेल्या आठवड्यात आपण रे ट्रेसिंग पाहिलं. खेळातल्या भिंतीवर, काचेवर, साचलेल्या पाण्यावर उजेडाचा किरण कसा आपटतो आणि त्याचा माग काढताना ग्राफिक्स कार्डाची कशी दमछाक होते, ते पाहिलं. लेख आला त्याच संध्याकाळी अकोल्याहून भाच्याचा फोन. त्याच्याकडे जुनं, वापरलेलं आरटीएक्स ३०६० कार्ड आहे आणि सध्या तो ‘सायबरपंक २०७७’ खेळतोय.

“मामा, रे ट्रेसिंग चालू केलं की खेळ रखडतो. डीएलएसएस लावलं की सुसाट पळतो. पण मित्र म्हणतात ते खरं चित्रच नाही, फसवणूक आहे. लावू का नको?”

“लाव,” मी म्हटलं, “पण कुठं आणि किती, ते बघून लाव.” आजचा हप्ता त्या ‘कुठं आणि किती’साठी.

आधी थोडा हिशेब करू. फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, म्हणजे एकूण ८२,९४,४००. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एवढे सगळे ठिपके रंगवायला कार्डाला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. साध्या १०८०पी पडद्यावर हेच ठिपके २०,७३,६०० असतात, फोर-केच्या बरोबर एक चतुर्थांश. मग कार्डाने एक चतुर्थांशच ठिपके रंगवले आणि उरलेले तीन चतुर्थांश दुसऱ्या कुणी स्वस्तात भरून दिले तर? अपस्केलिंग म्हणजे हीच तजवीज.

पण भरून देणार कुठून? लहान चित्र ताणून मोठं केलं की ते धूसर होतं, हे आपण जुन्या फोटोंवर पाहिलेलं आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एनव्हिडिया कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात आरटीएक्स २० मालिकेची कार्डं आणि डीएलएसएस हे अपस्केलिंगचं तंत्र जाहीर केलं, तेव्हा तिचं उत्तर होतं, शिकवलेला अंदाज. प्रत्येक खेळाची मोठी, स्वच्छ चित्रं दाखवून न्यूरल नेटवर्क तयार करायचं आणि लहान चित्रात जे नाही ते त्याने ओळखायचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘बॅटलफिल्ड फाइव्ह’ आणि ‘मेट्रो एक्झोडस’मध्ये ते लोकांनी पाहिलं आणि निराश झाले. चेहरे मेणासारखे, झाडं पुसट. ‘फसवणूक’ हा शब्द बहुधा तेव्हापासूनच चिकटला असावा, आणि त्या वेळी तो अगदीच चुकीचा नव्हता.

मार्च २०२० मध्ये डीएलएसएसची दुसरी आवृत्ती आली आणि पायाच बदलला. आड एकाच चित्राएवढा नाही, हे तिने ओळखलं. क्षणभरापूर्वीची चित्रंही त्याच आडातली.

इथे मला माझ्या आजीचा रांगोळीचा कागद आठवतो. उदबत्तीने समान अंतरावर भोकं पाडलेला कागद अंगणात ठेवायचा, वरून रांगोळी पसरायची, कागद उचलला की खाली ठिपक्यांची ओळ तयार. आता असं समजा, एकदा ठिपके पाडल्यावर आजीने तोच कागद अर्ध्या घराने उजवीकडे सरकवला आणि पुन्हा रांगोळी पसरली. मग अर्ध्या घराने खाली, मग तिरका. चार वेळांत आडवे दुप्पट आणि उभे दुप्पट ठिपके झाले. कागद तोच, भोकं तेवढीच, पण जमिनीवर चौपट दाट जाळी. अपस्केलिंग करणारा खेळ दर चित्रागणिक कॅमेरा असाच ठिपक्याच्या अंशाएवढा हलवतो. डोळ्याला ते कळत नाही, पण प्रत्येक चित्रात आधी न पाहिलेल्या जागांचे ठिपके हाती येतात. म्हणजे १०८०पीवरून फोर-के करताना बरीचशी माहिती कल्पनेची नसते. ती याच खेळाने थोड्या वेळापूर्वी खरोखर मोजलेली असते, आपण ती उसनी घेतो.

अंगण हलत नाही, खेळ मात्र हलतो. मागच्या चित्रात गाडी इथे होती, आता तिथे गेली, मग जुना ठिपका कुठे बसवायचा? त्यासाठी खेळाचं इंजिन प्रत्येक ठिपक्यासोबत ‘मी आधी कुठे होतो’ ही दिशा आणि अंतर पुरवतं. आणि एवढं असूनही कुठला जुना ठिपका अजून खरा आहे आणि कुठला शिळा झालाय, हे ठरवावं लागतं. न्यूरल नेटवर्कची खरी कामगिरी या निवाड्यात आहे. वाक्य लिहून द्यावं आणि यंत्राने मनाने चित्र काढावं, त्या जातीचं हे काम नाही. भाच्याच्या मित्रांचा गोंधळ बहुतेक इथेच झालेला आहे.

याचा पुरावा पाहायचा तर फिनलंडच्या रेमेडी कंपनीचा ‘कंट्रोल’ पाहावा. ऑगस्ट २०१९ मध्ये आला तेव्हा त्यात डीएलएसएसची मधली, तात्पुरती आवृत्ती होती. मार्च २०२० मध्ये दुसरी आवृत्ती बसवली. हा सगळा खेळ एका प्रचंड सरकारी इमारतीत घडतो: काचेच्या भिंती, पाट्या, उडणारे कागद, कठड्यांच्या बारीक सळ्या. अपस्केलिंगची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. खेळ तोच, इमारत तीच, पण दुसऱ्या आवृत्तीत दूरच्या पाटीवरची अक्षरं वाचता येऊ लागली, आणि काही ठिकाणी ती पूर्ण रेझोल्यूशनच्या चित्रापेक्षाही स्थिर दिसली.

हे अशक्य वाटतं, पण त्यामागे कारण आहे. ज्याला आपण ‘खरं’ चित्र म्हणतो त्यातही प्रत्येक ठिपक्यासाठी दृश्याचा साधारण एकच नमुना घेतलेला असतो. विजेची तार ठिपक्यापेक्षा बारीक असली तर एका चित्रात ती सापडते, दुसऱ्यात निसटते, म्हणून ती लुकलुकते. ते लुकलुकणं दाबायला आजचे बहुतेक खेळ पूर्ण रेझोल्यूशनवरसुद्धा जुन्या चित्रांतून ठिपके उसने घेतातच. त्याला टीएए म्हणतात. म्हणजे उसनवारी दोन्हीकडे आहे. एकीकडे ती ठरावीक नियमाने होते, दुसरीकडे शिकवलेल्या निवाड्याने.

उसनवारी मोडते कुठे, हेही त्यातच आलं. जे मागच्या चित्रात नव्हतंच ते उसनं मिळत नाही. खांबाआडून माणूस बाहेर येतो, तेव्हा त्याच्या मागची नव्याने उघडी पडलेली भिंत काही क्षण कच्ची, दाणेदार दिसते. पाऊस, ठिणग्या, धूर यांच्या हालचालीची माहिती इंजिनाने नीट दिलेली नसेल तर त्यांच्यामागे शेपट्या उमटतात, गेमर ज्याला घोस्टिंग म्हणतात ते. ‘सायबरपंक’मध्ये रात्री गाडी पळवताना मागच्या लाल दिव्यांची पुसट रेघ रस्त्यावर रेंगाळायची, ती याच जातीची. जाळीचं कुंपण आणि केस हे दोन पदार्थ तर कायमचे अवघड.

आता मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट. डीएलएसएसच्या ‘क्वालिटी’ पातळीवर चित्र प्रत्येक बाजूने दोन तृतीयांश आकारात रंगवलं जातं. फोर-के पडद्यावर याचा अर्थ मूळचे ३६,८६,४०० ठिपके, म्हणजे भरपूर पाणी असलेला आड. १०८०पी पडद्यावर मात्र तीच ‘क्वालिटी’ म्हणजे १२८० बाय ७२०, जेमतेम ९,२१,६००. ‘परफॉर्मन्स’ पातळी लावली तर ९६० बाय ५४०, म्हणजे ५,१८,४००. एवढ्याशा ठिपक्यांत जाळीचं कुंपण मावतच नाही. नाव दोन्ही पडद्यांवर तेच, पण हाती येणारा माल वेगळा. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या पाहणीत १०८०पी पडदे वापरणाऱ्यांची संख्या सर्वांत जास्त असते आणि माझा भाचाही त्यांतलाच. ज्याचं कार्ड हलकं, पडदा साधा, त्याला या तंत्राची गरज सर्वांत जास्त, आणि त्यालाच ते सर्वांत कमी देतं.

ही दरी थोडी भरून निघाली जानेवारी २०२५ मध्ये. डीएलएसएसच्या चौथ्या आवृत्तीत जुन्या नेटवर्कच्या जागी ट्रान्सफॉर्मर पद्धतीचं नवं नेटवर्क आलं. त्यात शेपट्या कमी होतात, जाळी जास्त सांभाळली जाते, आणि २०१८ च्या पहिल्या आरटीएक्स कार्डांवरही ते चालतं. कार्डाला त्याचा भार थोडा जास्त पडतो, तरी जुनं कार्ड घेतलेल्या माणसाला काही वर्षांनी फुकटात चांगलं चित्र मिळावं, ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत आनंदाची बाब वाटते.

इतर कंपन्यांबद्दल थोडक्यात. एएमडीचं एफएसआर २०२१ मध्ये आलं. त्याच्या पहिल्या तीन पिढ्यांत न्यूरल नेटवर्क नव्हतं, म्हणून चित्र थोडं उणं, पण ते प्रतिस्पर्ध्याच्या आणि जुन्या कार्डांवरही चालायचं. ज्यांच्या कार्डावर आरटीएक्स ही अक्षरं नव्हती त्यांना तोच आधार होता. चौथी पिढी मार्च २०२५ मध्ये आरएक्स ९०७० कार्डांबरोबर आली. ती न्यूरल आहे आणि दिसायला खूप पुढे गेली आहे. इंटेलचं एक्सईएसएस डीएलएसएस आणि जुन्या एफएसआरच्या मधोमध बसतं.

इथवर सगळं एका चित्रातले ठिपके भरण्याबद्दल झालं. फ्रेम जनरेशन हे वेगळं प्रकरण आहे, आणि दोन्ही एकाच नावाखाली विकली जातात हे मला पटत नाही. यात दोन खऱ्या चित्रांच्या मधलं आख्खं चित्रच यंत्र तयार करतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४० कार्डांबरोबर मधे एक चित्र आलं, २०२५ मध्ये आरटीएक्स ५० वर तीनपर्यंत. फोर-केवर ‘परफॉर्मन्स’ पातळी आणि मधली तीन चित्रं धरली, तर पडद्यावरच्या सोळा ठिपक्यांपैकी खेळाने स्वतः रंगवलेला ठिपका एकच.

अडचण ठिपक्यांची नाही, वेळेची आहे. दोन चित्रांमधलं चित्र काढायचं तर पुढचं चित्र आधी हातात असावं लागतं, म्हणजे ते तयार असूनही थोडं अडवून ठेवावं लागतं. त्यामुळे माऊस हलवल्यापासून पडदा हलेपर्यंतचा वेळ वाढतो. खेळ मुळात सेकंदाला ६० चित्रं देत असेल तर ही वाढ फारशी जाणवत नाही, आणि १४४ किंवा २४० हर्ट्झच्या पडद्यावर दृश्य लोण्यासारखं सरकतं. मुळात ३० च असतील, तर प्रत्येक खरं चित्र ३३ मिलिसेकंदांचं. तिथे पडद्यावर ६० दिसतात, पण हाताला ३० पेक्षाही जड लागतं. शिवाय फ्रेम जनरेशनला कार्डाची आणखी मेमरी लागते, आणि आठ जीबीच्या कार्डांवर तीच आधी संपते. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या मंचावरून एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० कार्ड हे आरटीएक्स ४०९० ची कामगिरी देईल. ती तुलना मधल्या चित्रांच्या भरवशावर उभी होती. ४०९० ची मूळ किंमत १५९९ डॉलर, मेमरी २४ जीबी, तर ५०७० ची १२ जीबी. पै-पै साठवून कार्ड घेणाऱ्याला असा आकडा सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अपस्केलिंगने वाचवलेला वेळ कुणाच्या खिशात जातो, हाही त्यातलाच प्रश्न. सुरुवातीला तो खेळणाऱ्याचा होता: जुनं कार्ड आणखी दोन वर्षं चाललं. मग जुलै २०२३ मध्ये ‘रेम्नंट टू’च्या निर्मात्यांनी मान्य केलं की आपला खेळ अपस्केलिंग गृहीत धरूनच बेतला आहे. फेब्रुवारी २०२५ च्या ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’च्या शिफारशीत तर १०८०पीवर सेकंदाला ६० चित्रं फ्रेम जनरेशन चालू धरून लिहिलेली होती. म्हणजे खरी ३०. किमान पातळीची नव्हे, शिफारस केलेल्या यंत्राची ही गत. रेमेडीच्याच ‘अ‍ॅलन वेक टू’ने २०२३ मध्ये प्रत्येक पातळीवर अपस्केलिंग मागितलं होतं, पण त्या बदल्यात तिथल्या जंगलातला ओला उजेड दिला. असा सौदा मला मान्य आहे. खेळ नीट घासूनपुसून घेण्याचं काम टाळायला ही बचत वापरली, तर खेळणाऱ्याचा वाटा निर्मात्याने खाल्ला असं मी म्हणेन.

भाच्याला मी शेवटी जे सांगितलं ते असं. ‘क्वालिटी’च्या खाली जाऊ नकोस. सेटिंगमध्ये ट्रान्सफॉर्मर निवड. एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशन तुझ्या कार्डावर नाहीच, आणि एफएसआरचं दिसलं तरी ते बंद ठेव, कारण तुझा पडदा ७५ हर्ट्झचा. रे ट्रेसिंग एक पायरी कमी कर आणि चित्रं साठवर रोखून ठेव. खेळ साठच्या वर जात असेल तर ही मर्यादा कार्डाला थोडी विश्रांती देते: ठिपके कमी रंगवायचे, चित्रं ठरावीक, म्हणून वीज आणि उष्णता दोन्ही उतरतात. अकोल्याच्या मे महिन्यात, स्लॅबखालच्या खोलीत, ही लहान बाब नव्हे.

चार दिवसांनी पुन्हा फोन आला. कार्डाच्या पंख्याचा आवाज उतरला म्हणून ताई खूश होती. तो मात्र वेगळंच सांगत होता. “मामा, जुन्या आणि नव्या पद्धतीत एकच पूल पाच वेळा ओलांडला. जुन्यात दिव्यांची रेघ दिसते, नव्यात जवळजवळ नाही. पण पुलाच्या जाळीजवळ उभं राहून कॅमेरा झटकन फिरवला ना, की नव्यातही एक क्षण जाळी विरघळते. तुम्ही बघितलंय का?”

मी बघितलं नव्हतं. त्या रात्री खेळ लावून पुलावर गेलो. विरघळते.

(पुढच्या आठवड्यात : नवा खेळ पहिल्यांदा चालवताना अडखळतो का, आणि शेडर आधीच तयार करून ठेवणं म्हणजे काय.)