हेडफोनमधली घरघर आणि घराचे अर्थिंग

लॅपटॉपला चार्जर जोडलेला असताना हेडफोन कानाला लावला की गाणे सुरू होण्याआधीच बारीक घरघर ऐकू येते, अशी तक्रार अनेकांची असते. दोष हेडफोनचा समजून नवा आणला जातो. त्यातही तोच आवाज आला की लॅपटॉप दुरुस्तीला जातो. पुष्कळदा या दोन्ही वस्तू ठणठणीत असतात आणि दोष भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो.

खात्री करणे सोपे आहे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज थांबला, तर तो विजेच्या जोडणीतून येत आहे. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लागल्यावर मुंग्या येत असतील, तर अर्थिंग नसल्याचा संशय बळावतो. मात्र झटकाच बसत असेल, तर बटण बंद करून चार्जर वापरणे थांबवा.

असे का होते? आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची असते आणि ती सेकंदाला 50 आवर्तने करते. चार्जर तिचे साधारण 20 व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. त्यात निर्माण होणारा विद्युत गोंगाट काढून टाकण्यासाठी लहान कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांच्यातून किंचित प्रवाह झिरपतो आणि तो प्लगच्या जाड पिनेतून, हिरव्या वायरने जमिनीत जावा अशी योजना असते. ही वाटच नसेल, तर लॅपटॉपच्या धातूच्या भागावर मुख्य विजेच्या जवळपास निम्मा दाब येऊ शकतो. प्रवाह एक मिलिअँपिअरहून कमी असल्याने मुंग्यांपलीकडे सहसा काही होत नाही. पण हेडफोनला जाणारा संकेत इतका दुर्बळ असतो, की हे चढउतार त्यात मिसळून घरघर ऐकू येते. लॅपटॉपला स्पीकर किंवा टीव्हीही जोडलेला असेल, तर ती आणखी वाढते.

वाट तुटण्याची कारणे साधी असतात. जुन्या इमारतींत दोनच वायरी ओढलेल्या असतात. काही सॉकेटना तीन भोके दिसतात, पण तिसऱ्यामागे वायरच नसते. थ्री-पिन प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये बसवला, किंवा एक्स्टेन्शन बोर्डाची दोरी दोन वायरींची असली, तरीही वाट बंद होते. काही वेळा इमारतीचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो.

म्हणून आधी अडॅप्टर आणि एक्स्टेन्शन काढून थ्री-पिन चार्जर थेट दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहावा. टीव्ही आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर लावल्यानेही फरक पडतो. तरीही आवाज राहिला, तर जाणकार वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. फेज आणि अर्थ यांच्यात 230 व्होल्टच्या आसपास, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्टच दाब दिसायला हवा. चार्जर मुळातच दोन पिनांचा असेल, तर मात्र त्याला अर्थिंग लागत नाही. अशा वेळी दुसरा चांगला चार्जर लावून पाहावा.

दोन गोष्टी कधीही करू नयेत. आवाज घालवण्यासाठी जाड पिन कापू नये. आणि सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर अर्थला जोडून 'अर्थिंग' करू देऊ नये. पुढे न्यूट्रल तुटली, तर त्या सॉकेटवरच्या उपकरणाच्या अंगावर पूर्ण 230 व्होल्ट येतात.

ब्लूटूथ हेडफोन घेतला की घरघर थांबते, पण अर्थिंग दुरुस्त होत नाही. गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि इस्त्री यांची सुरक्षितता याच अर्थिंगवर अवलंबून असते. त्यांच्यात बिघाड झाल्यास गळणारी वीज जमिनीत जाते आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी क्षणात पुरवठा तोडतो. अर्थिंग नसेल, तर ही गळती कोणाचा तरी हात लागेपर्यंत कळत नाही. गिझरच्या बाबतीत तो हात ओला असतो. त्यामुळे हेडफोन बदलण्याआधी वायरमनला बोलावणे शहाणपणाचे.