शवासन : किती सोपं, किती गुणकारी?

सकाळच्या योगवर्गात शिक्षकांनी ‘आता शवासन’ म्हटलं की निम्मी मंडळी सतरंज्या गुंडाळायला लागतात. कुणाला लोकल गाठायची असते, कुणाला डबे भरायचे असतात. उरलेल्यांपैकी एखादे काका दोन मिनिटांत घोरू लागतात. दुसरीकडे ‘रोज शवासन करा, बीपीची गोळी सुटेल’ असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतात. कुणी या आसनाला मोजतच नाही, तर कुणी त्याला नको तेवढं डोक्यावर घेतं.

गैरसमज : हे सगळ्यात सोपं आसन. त्यात करायचं काय?

वस्तुस्थिती : आडवं होणं सोपं, अंग सैल सोडणं अवघड. पाठ टेकून पाहा. दातांवर दात घट्ट असतात, जीभ टाळूला चिकटलेली असते, कपाळावर आठी आणि खांदे कानांकडे ओढलेले. तिकडे लक्ष गेल्याशिवाय हा ताण सुटत नाही. म्हणून दोन्ही पायांत फूट-दीड फूट अंतर, हात अंगापासून थोडे दूर, तळवे वर, आणि मग पावलांपासून डोक्यापर्यंत एकेक भाग आठवून सैल करत जायचं. दिसायला सोपं असलं तरी साधायला हे अतिशय कठीण आसन आहे, असं पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी १९६६ च्या ‘लाइट ऑन योगा’मध्ये नोंदवलं आहे. शरीरापेक्षा मन स्थिर करणं जड जातं, हे त्यांनी दिलेलं कारण.

गैरसमज : शवासन म्हणजे छोटीशी डुलकी.

वस्तुस्थिती : झोपेत भान सुटतं, शवासनात अंग सैल आणि भान जागं असतं. पंधराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या ‘हठयोगप्रदीपिके’त या आसनाचे दोनच गुण सांगितले आहेत : थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते. श्वास संथ होतो, हृदयाचे ठोके मंदावतात, स्नायूंवरचा ताण उतरतो. कधी डोळा लागला तर बिघडत काही नाही. पण रोजच लागत असेल, तर रात्रीची झोप कमी पडतेय का ते बघा. ती तूट शवासनाने भरून निघत नाही.

गैरसमज : डोक्यात एकही विचार येता कामा नये.

वस्तुस्थिती : विचार येणारच. गॅस बंद केला का, हेही आठवणार. त्यांच्याशी झटापट न करता लक्ष पुन्हा श्वासावर आणायचं, एवढंच.

गैरसमज : शवासनाने रक्तदाबाचं औषध बंद होतं.

वस्तुस्थिती : या समजुतीमागे थोडं तथ्य आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींच्या औषधाची मात्रा कमी करता आली. पण अभ्यास लहान होता आणि रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. घरच्या घरी गोळी बंद करण्याला त्यातून आधार मिळत नाही. शवासन औषधाच्या जोडीला करावं. मात्रा डॉक्टरांनी ठरवावी.

गैरसमज : सगळ्यांनी सपाट पाठीवरच झोपायला हवं.

वस्तुस्थिती : कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी किंवा लोड घ्या. मान ताणली जात असेल तर डोक्याखाली चादरीची पातळ घडी ठेवा. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत डाव्या कुशीवर विश्रांती घ्यावी, कारण उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. भरपेट जेवून लगेच आडवं झालं तर आम्लपित्त उसळू शकतं.

गैरसमज : वेळ झाली की उठून चालू लागायचं.

वस्तुस्थिती : ताडकन उठल्यास रक्तदाब एकदम उतरून घेरी येऊ शकते. ज्येष्ठांना आणि बीपीची औषधं घेणाऱ्यांना हा धोका जास्त. आधी बोटं हलवा, कुशीवर वळा, हाताच्या आधाराने बसा आणि मगच उभे राहा.

योगशिक्षकांना एक विनंती : वेळ कमी पडला तर एखादं दुसरं आसन गाळा, पण शेवटची पाच-दहा मिनिटं शवासनासाठी राखून ठेवा. आणि शिकणाऱ्यांनीही तेवढा वेळ मोबाइल बंद ठेवावा.