मानेतला सुटा ‘दात’

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की सलूनच्या खुर्चीत दाढीबरोबर मान मोडून घेणारेही असतात. कडकड आवाज झाला की हलके वाटते. पण एखाद्याच्या मानेत एक हाड सुटे असते आणि ते त्याला ठाऊक नसते.

कवटीखालचा पहिला मणका म्हणजे अ‍ॅटलास. आकाश पेलणाऱ्या ग्रीक दैत्याचे हे नाव. आपल्याकडे बारसे झाले असते तर ‘शेष’ ठेवले असते. हा मणका कडीसारखा असतो. दुसऱ्या मणक्याचा दातासारखा सुळका त्या कडीत बसतो आणि खिळीभोवती जात्याची वरची तळी फिरावी तसे डोके फिरते. मान वळवण्याचे जवळपास निम्मे काम या एका सांध्यात होते. ‘ऑस ओडोन्टॉइडियम’ या दुर्मीळ व्यंगात सुळका खालच्या मणक्याला जोडलेलाच नसतो. काहींच्या मते हे जन्मजात, काहींच्या मते लहानपणीच्या, विसरून गेलेल्या दुखापतीमुळे. खीळच सुटी, मग सांधा डुगडुगतो. मान झुकली की पहिला मणका सरकतो आणि मज्जारज्जू चेपला जातो.

कित्येकांना वर्षानुवर्षे त्रास नसतो. मग किरकोळ पडझडीनंतर हातापायांना मुंग्या येतात, शर्टाचे बटण लागत नाही, पायातली चप्पल निसटलेली कळत नाही. ‘नस दबली’ म्हणून मालिश सुरू होते, आणि इथेच घात होतो. साधा एक्स-रे सरळ मानेचा काढला तर दोष निसटू शकतो. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली मान पुढे-मागे वाकवूनही काढावा लागतो. नंतर सीटी आणि एमआरआय.

यावरचा उपाय पालघरकरांना लांबचा नाही. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी १९८८मध्ये दोन्ही मणक्यांच्या बाजूच्या भागांत थेट स्क्रू बसवून ते पट्टीने जोडायला सुरुवात केली. डॉ. लाहेरी यांच्यासह त्यांनी ही पद्धत १९९४मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनीच्या युर्गेन हार्म्स यांनी २००१मध्ये पट्टीऐवजी सळई वापरली. आज जगभर ती गोयल-हार्म्स पद्धत म्हणून ओळखली जाते.

दाब नसलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. काहींवर नुसते लक्ष ठेवले जाते. ज्यांची होते, त्यांची मान मात्र पूर्वीसारखी वळत नाही. मोटारसायकलवर मागचा ट्रक पाहायला खांद्यासकट वळावे लागते.