फटफटीची साक्ष

आमच्या घरी एक जुना फोटो आहे. वाड्याच्या दरवाज्यासमोर वडील फटफटीवर बसले आहेत. अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी. पुढे पेट्रोलच्या टाकीवर फ्रॉक घातलेली तीनएक वर्षांची मुलगी. ऐन वेळी तिने मान हलवली असावी, कारण तिचा चेहरा अगदी पुसट आला आहे. फोटोच्या पाठीवर आईच्या अक्षरात तीनच शब्द : ‘बाळी आणि हे’.

आता आमच्या घरात बाळी म्हणवणाऱ्या मुली दोन झाल्या. पहिली माझी थोरली बहीण. ती १९४० साली तापाने गेली, तेव्हा तीन वर्षांची होती. दुसरी मी; माझा जन्म १९४४चा. आत्या ठासून सांगायची, “ही थोरली बाळी. तुझ्या वेळी दादाला कुठली एवढी हौस उरली होती!” आईला विचारावे, तर ती फोटो हातात घेई, पदराने पुसे आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून जाई. पुढे मी विचारणेच सोडले. वडील १९४८ साली गेले. त्यांच्या मांडीवर मी कधी खेळले असेन, तर त्याची एकही खूण माझ्यापाशी नव्हती.

दिवाळीच्या साफसफाईत तो फोटो नातवाच्या हाती लागला. “आजी, ही गाडी कुठली गं?” मला काय ठाऊक! मला सगळ्या फटफट्या सारख्याच. मग तो मला आमच्या पेठेतल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे घेऊन गेला. त्यांचा सारा जन्म विलायती गाड्या खोलण्यात आणि जोडण्यात गेलेला.

मिस्त्रींनी भिंग काढले. आधी सायलेन्सर आणि किक कुठल्या अंगाला आहेत ते पाहिले. दोन्ही उजवीकडे. “फोटो उलटा छापलेला नाही,” ते म्हणाले. मग टाकी दाखवली. तिच्यावर पंख फुटलेल्या ‘एम’ अक्षराची अंधूक खूण होती. “ही मॅचलेसची. पण टाकी काय, कुणीही बदलतो. इंजिन बघू.”

लढाईतल्या गाड्यांत बी. एस. ए.ची एम-२० सर्वांत जास्त. ती लष्करासाठी सव्वा लाखाच्या वर बनली. पण तिचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात. आमच्या फोटोत सिलिंडरच्या उजव्या अंगाने दोन नळ्या सरळ वर हेडपर्यंत गेल्या होत्या. म्हणजे व्हॉल्व्ह वर. एम-२० बाद. राहिली मॅचलेस आणि तिची जुळी बहीण ए. जे. एस. दोघी एकाच कारखान्याच्या, लंडनच्या प्लमस्टेड भागातल्या. लढाईनंतरच्या ए. जे. एस.चा मॅग्नेटो सिलिंडरच्या पुढे, तर मॅचलेसचा मागे. इथे तो मागे होता. “मॅचलेस जी-थ्री-एल. ३४७ सी. सी.,” मिस्त्रींनी निकाल दिला.

नातू खूष झाला. मी मात्र सहज विचारले, “ही कोणत्या सालची असेल हो?”

“बाई, पुढचा चिमटा बघा. जुन्या गाड्यांना गर्डर फोर्क असे. बाहेर लोखंडी सांगाडा आणि समोर उघडी स्प्रिंग. इथे नुसत्या दोन गुळगुळीत नळ्या आहेत. नळीत नळी सरकते, आत स्प्रिंग आणि तेल. जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू.ने असा फोर्क १९३५ सालीच बसवला, पण तिचे मागचे चाक शाफ्टवर फिरते. या चाकाच्या आऱ्यांतून साखळी दिसते आहे. विलायती गाड्यांत हा फोर्क मॅचलेसने आणला, तो याच लष्करी गाडीवर. साल १९४१.”

“पण जुन्या गाडीला मागाहून नवा फोर्क बसवला असला तर?” मी विचारले. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

“बसवला असला, तरी फोर्क १९४१च्या आधीचा होत नाही. आणि या गाड्या लोकांच्या हाती आल्या त्या लढाई संपल्यावर, डिस्पोजलमधून. फोटो १९४५ नंतरचाच धरा.”

मी हिशेब केला. थोरली बाळी १९४० साली गेली. १९४७ साली तीन वर्षांची कोण होती? टाकीवर बसलेली, वडिलांच्या दोन्ही हातांच्या मधली ती पोर मीच होते.

आईच्या मौनाचा अर्थ मी इतकी वर्षे चुकीचा लावत आले. फोटो पुसताना तिला थोरली आठवते, असे मी समजे. ती तर वडिलांना पाहत असावी. आणि आत्या? थोरलीचा एकही फोटो काढलेला नव्हता. निदान हा तरी तिचा असावा, असे त्या माउलीला वाटले, तर तिला बोल कसा लावू?

घरी आल्यावर पेन्सिल घेतली आणि आईच्या अक्षराला धक्का न लावता खाली लिहिले : ‘धाकटी बाळी. मॅचलेस फटफटीवर. १९४७च्या सुमारास.’

वाचकहो, या दिवाळीत कपाट आवराल तेव्हा जुने फोटो पालथे करून पाहा. पाठ कोरी असेल, तर नाव आणि साल आजच लिहून ठेवा. आणि लिहायला सांगणारे कुणी उरले नसेल, तर फोटोतल्या माणसांच्या मागेपुढे काय उभे आहे, तेही नीट न्याहाळा. माणसे गेली, तरी कधी कधी लोखंड साक्ष देते.