पडेल ते काम करणाऱ्याचे मोल

क्रीडापटूच्या कर्तृत्वाचा हिशेब मांडताना आपली दृष्टी प्रथम आकड्यांच्या तक्त्याकडे वळते. ही सवय सोयीची असली तरी दोन प्रकारच्या खेळाडूंच्या बाबतीत ती हमखास दिशाभूल करते. संघाची गरज पाहून कोणत्याही जागी उभ्या राहणाऱ्या खेळाडूला तक्ता कमी लेखतो. केवळ शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवलेल्याला मात्र तो अनेकदा वाजवीपेक्षा मोठा करून दाखवतो. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये पहिल्याला ‘युटिलिटी इनफिल्डर’ आणि दुसऱ्याला ‘क्लोजर’ म्हणतात. क्रिकेटमध्ये ही माणसे आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. त्यांचे मोल ठरवण्याची रीत मात्र आपल्याकडे पुरेशी रुजलेली नाही.

पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण हैदराबादने दिले. नारायणगुड्यात न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली केशव मेमोरियल शिक्षणसंस्था त्या शहराच्या मराठी वारशाची साक्ष देते. तेथून फार दूर नसलेल्या फतेह मैदानाने जी क्रिकेटपटूंची पिढी पाहिली, तिच्यातील एक नाव सय्यद आबिद अली. २९ कसोटींत १०१८ धावा आणि ४७ बळी. फलंदाजीची सरासरी जेमतेम २०, गोलंदाजीची ४२. एवढेच पाहिले तर हा खेळाडू सामान्य ठरेल.

आता तक्त्याबाहेरचा हिशेब पाहा. १९६७ च्या डिसेंबरात ॲडलेड येथे कसोटी पदार्पणातच त्यांनी ५५ धावांत ६ बळी घेतले. त्याच मालिकेत सिडनीला त्यांनी ७८ आणि ८१ धावा केल्या. ते कधी सलामीला गेले, कधी आठव्या क्रमांकावर. नवा चेंडूही त्यांनीच टाकला आणि फलंदाजाच्या पुढ्यात उभे राहून झेलही टिपले. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला नमवले. त्या मालिकेचे नायक ठरले ६४२ धावा करणारे आपल्या मडगावचे दिलीप सरदेसाई आणि नवोदित सुनील गावसकर. पोर्ट ऑफ स्पेनला विजय साकारला तेव्हा गावसकरांच्या जोडीला खेळपट्टीवर आबिद अली होते. त्याच वर्षी २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडविरुद्ध विजयी चौकार मारला तोही त्यांनीच. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांचे अमेरिकेत निधन झाले.

अशा खेळाडूचे मोल कसे ठरवावे? बेसबॉलच्या अभ्यासकांनी त्यासाठी एक साधा प्रश्न पुढे ठेवला: हा नसता तर त्याच्या जागी सहज उपलब्ध असलेला बदली खेळाडू किती करू शकला असता? दोघांतील फरक हेच खरे मोल. समजा, एखाद्या फलंदाजाची सरासरी ३० आहे आणि राखीव फलंदाज २५ ची मजल मारू शकतो. म्हणजे त्याचे मोल प्रत्येक डावामागे ५ धावांचे. याउलट २० च्या सरासरीचा खेळाडू दहा षटकेही टाकत असेल आणि त्याच्या जागी येणारा फक्त फलंदाजीच करणारा असेल, तर उरलेली दहा षटके कोणी टाकायची हा प्रश्न कर्णधारापुढे उभा राहतो. शिवाय बेसबॉल संघात सव्वीसच खेळाडू असतात. दुसरा बेस, तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप या तिन्ही जागा सांभाळणारा एकच असला, तर वाचलेल्या जागेवर आणखी एक पिचर घेता येतो. वाचलेली ही जागा कोणाच्याही नावावर जमा होत नाही, पण सामन्यात ती दिसते.

क्लोजरचे गणित याच्या उलट आहे. बेसबॉलमध्ये नऊ डाव असतात. आघाडी तीन धावांची किंवा त्याहून कमी असताना शेवटचा पूर्ण डाव टाकून विजय राखला, की पिचरच्या खात्यावर ‘सेव्ह’ नोंदली जाते. पत्रकार जेरोम होल्टझमन यांनी सुचवलेली ही नोंद १९६९ मध्ये अधिकृत झाली. मारियानो रिव्हेराने अशा ६५२ सेव्ह मिळवल्या. तो थोर होता यात शंका नाही. पण आठ डावांनंतर आघाडीवर असलेला संघ साधारण शंभरपैकी पंच्याण्णव सामने जिंकतोच. म्हणजे सेव्हची संख्या पिचरच्या कौशल्याइतकीच त्याला मिळालेल्या परिस्थितीचीही मोजदाद करते. खरा प्रसंग सातव्या डावात, धावसंख्या बरोबरीत आणि तिन्ही बेस भरलेले असताना उभा राहू शकतो. तेव्हा सर्वोत्तम पिचर बाकावर बसून राहिला, तर राखून ठेवल्याचा लाभ काय?

क्रिकेटमध्ये हे भान २०२४ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दिसले. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. जसप्रीत बुमराने सोळाव्या षटकात ४ धावा दिल्या. अठराव्यात २ धावा देऊन एक बळी घेतला. शेवटचे षटक हार्दिक पंड्याने टाकले, तेव्हा १६ धावांचे पाठबळ होते. विजयाची छायाचित्रे शेवटच्या षटकाची असतात, पण ते पाठबळ आधीच उभे राहिलेले असते.

हैदराबादच्याच संघाने २९ मे २०१६ रोजी बंगळुरूत आयपीएल जिंकली, तेव्हा हे दोन्ही प्रकार एकत्र आले. भुवनेश्वर कुमारने शेवटच्या षटकात १८ धावांचा बचाव केला. सामनावीर मात्र ठरला बेन कटिंग: १५ चेंडूंत नाबाद ३९ धावा, शिवाय ख्रिस गेलचा बळी. हैदराबाद जिंकले ८ धावांनी.

हा विचार गोव्यासारख्या लहान राज्याला अधिक लागू पडतो. मोठ्या राज्यांना प्रत्येक जागेसाठी दहा उमेदवार मिळतात. आपल्याला तो पर्याय नाही. आयपीएलमध्ये २०२३ पासून ‘इम्पॅक्ट प्लेअर’चा नियम आल्यावर थोडी फलंदाजी आणि थोडी गोलंदाजी करणाऱ्यांची गरज घटली. अशा वेळी सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ‘तू धड फलंदाज नाहीस, धड गोलंदाज नाहीस’ असे ऐकवले, तर तो एक कला सोडून देतो आणि संघ दोन्हींना मुकतो. निवड समितीने अशा मुलाच्या नावापुढे सरासरीबरोबरच एक रकाना जोडावा: तो नसता तर किती जणांना हलवावे लागले असते? आबिद अलींच्या बाबतीत त्या रकान्यात मोठा आकडा पडला असता.