टोमॅटोच्या वाणांची निवड : नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात

टोमॅटो हे मूळचे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातील फळ होय. पोर्तुगीजांच्या द्वारे ते आपल्या देशात आले आणि येथील आहारात इतके मिसळून गेले, की वऱ्हाडात त्यास ‘भेदरे’ असे देशी नावही मिळाले. कोणता वाण लावावा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा उत्पन्न आणि रोगप्रतिकारकता यांच्या आधारे दिले जाते; फळ कोणत्या कामी येणार, हा विचार मागाहून होतो. प्रस्तुत लेखात तो प्रथम घ्यावयाचा आहे.

फळ आडवे कापले असता त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात. बाहेरची मांसल भित्ती हा एक, व आतील कप्प्यांत बियांभोवती असणारा बुळबुळीत रस हा दुसरा. आंबटपणा मुख्यतः या रसात असतो. चवीला भरीवपणा देणारे ग्लुटामिक आम्लही भित्तीपेक्षा त्यातच अधिक असते. भित्ती जाड व कप्पे थोडे असतील, तर फळ टणक राहते, परंतु त्याची चव सौम्य होते. कप्पे पुष्कळ असतील, तर फळ रसाळ व आंबट होते, परंतु टिकत नाही. वाणांच्या निवडीतील बहुतेक पेच या एका विरोधातून उद्भवतात.

पाश्चात्य ग्रंथांत रसाळ फळ कच्चे खाण्यास व जाड गराचे फळ शिजविण्यास, अशी विभागणी आढळते. इटलीतील ‘सान मार्झानो’ किंवा अमेरिकेतील ‘रोमा’ हे दुसऱ्या वर्गातील प्रसिद्ध वाण होत. महाराष्ट्रीय स्वयंपाकघरास मात्र ही विभागणी जशीच्या तशी लागू पडत नाही. कोशिंबिरीत फळास फार पाणी सुटले, तर दही पातळ होते. तेथे टणक फळच बरे. उलट सार किंवा रस्सा यांस आंबट व रसाळ फळ हवे. जाड भित्तीच्या फळाचे सार मिळमिळीत होते व त्यात वरून चिंच अथवा आमसूल घालावे लागते. जाड गराची खरी मागणी घरापेक्षा सॉस बनविणाऱ्या कारखान्यात आहे.

या दृष्टीने काही वाण पाहू. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा रुबी’ हा चपटगोल, खाचदार, रसाळ व आंबट असल्याने सारास उत्तम. परंतु दूरच्या वाहतुकीस तो टिकत नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकर पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर व लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांस प्रतिकारक असून त्याची फळे टणक असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘भाग्यश्री’ वाणात लायकोपीन अधिक व बिया कमी असल्याने तो प्रक्रियेस योग्य मानला जातो.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाड, चांदवड या तालुक्यांत खरिपाचे पीक मोठे असते व पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून ते क्रेटमध्ये भरून परप्रांतांत जाते. या प्रवासासाठी फळ रंग धरू लागताच तोडावे लागते. अशा व्यापारास जाड भित्तीचे संकरित वाणच सोयीचे पडतात, व त्यासाठी शेतकऱ्यास दोष देता येणार नाही. फिक्या चवीस आणखी एक कारण आहे. कच्च्या फळाच्या देठाजवळील गर्द हिरवा भाग काढून टाकून एकसारखे पिकणारे वाण निवडले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले, की या निवडीमुळे फळातील हरितलवकांचा विकास खुंटतो व साखर घटते.

भाव कोसळले असता हेच पीक कारखान्याकडे वळविता येईल काय? २०२१ च्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, तेव्हा हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. येथे विद्राव्य घन पदार्थांचे प्रमाण निर्णायक ठरते. २८ टक्के घनतेचा एक किलो लगदा करण्यास ४.५ टक्के प्रमाणाची सुमारे ६.२ किलो फळे लागतात, तर ५.५ टक्के प्रमाणाची ५.१ किलो पुरतात. म्हणजेच एका टक्क्याच्या फरकाने सुमारे एक किलो फळ व तेवढे पाणी आटविण्याचे इंधन वाचते. केवळ टणकपणासाठी निवडलेले फळ कारखान्यास स्वस्तात मिळाले, तरी महागच पडू शकते.

तात्पर्य, एकच वाण सर्व कामांस उत्तम, असे म्हणता येणार नाही. घरच्या परसात वा जवळच्या बाजारासाठी रसाळ वाण, दूरच्या बाजारासाठी रोगप्रतिकारक टणक संकर, व कारखान्याशी आधी करार झाला असल्यास अधिक घन पदार्थांचा वाण, असा विवेक करणे इष्ट होय. वाणांच्या चाचण्यांत हेक्टरी उत्पन्नाबरोबरच घन पदार्थ, आम्लता, कप्प्यांची संख्या व भित्तीची जाडी यांचीही नोंद विद्यार्थ्यांनी नियमाने ठेवावी. या चार मापांस फारशी खर्चिक साधने लागत नाहीत. आणि त्यांवाचून शेतकऱ्यास दिलेला सल्ला अपुरा राहतो.