तिसरा माणूस येताच चित्र का जातं?

व्हिडिओ मीटिंगचा सर्व्हर आपल्याच कार्यालयात बसवायचं ठरलं की पहिली चर्चा सुविधांची होते. स्क्रीन शेअर आहे का, हात वर करता येतो का, मागची भिंत धूसर होते का. हे आता जवळपास सगळ्यांत असतं, त्यावरून निवड होत नाही. आधी पाहायचं ते हे, की माणसं बसणार कुठे आणि त्यांची चित्रं जाणार कुठल्या लाईनवरून.

१२ जणांची मीटिंग घ्या, आठ कार्यालयात आणि चार घरून. प्रत्येक कॅमेऱ्याचा प्रवाह १ एमबीपीएसचा धरू. मध्ये सर्व्हर नसेल तर प्रत्येक लॅपटॉपला तेच चित्र ११ जणांना वेगवेगळं पाठवावं लागतं, आणि त्याचा पंखा घरघरायला लागतो. म्हणून मध्ये एसएफयू नावाचा सर्व्हर ठेवतात. तो सगळ्यांची चित्रं जोडून एक चित्र बनवत नाही, आलेला प्रवाह नुसता पुढे वाटतो. त्याच्याकडे १२ प्रवाह येतात आणि १३२ बाहेर पडतात. त्यातले ८८ कार्यालयातल्या आठ जणांचे. सर्व्हर कार्यालयातच असेल तर ते आतल्या स्विचवरच फिरतात, इंटरनेटच्या लाईनला त्यांची झळ लागत नाही. घरच्या चौघांसाठी ४४ एमबीपीएस अपलोड तेवढं लागतं.

आता उलटं करून पाहा. दोघंच कार्यालयात, दहा जण बाहेर. अपलोड ११० एमबीपीएसवर जातं. अशा कार्यालयाने सर्व्हर डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्यावा; तोही स्वतःचाच असतो, फक्त भिंत दुसऱ्याची. प्रत्यक्षात आकडे खाली येतात, कारण सिमुलकास्टमध्ये प्रत्येक कॅमेरा लहान-मोठ्या आकारांत चित्र पाठवतो आणि छोट्या चौकटीसाठी सर्व्हर छोटंच पुढे देतो. तरी मोठा आकडा धरून चाललेलं बरं. (आणि आठ जण एकाच मजल्यावर असतील तर आठ लॅपटॉप कशाला? एक खोली, एक कॅमेरा.)

बहुतेक कार्यालयांना मी जित्सी सुचवेन. २००३ मध्ये स्ट्रासबर्ग विद्यापीठात एमिल इव्होव्ह यांनी सुरू केलेला हा प्रकल्प. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, डेबियन किंवा उबंटूवर थोडक्यात बसतो आणि पाहुण्याला ब्राउझरमध्ये नुसती लिंक पुरते.

त्याची एक खोड मात्र आधीच माहीत असावी. दोघांनी चाचणी घेतली, चित्र-आवाज स्वच्छ. तिसरा आला आणि बाहेरच्यांच्या चौकटी काळ्या पडल्या. दोघंच असतात तेव्हा जित्सी त्यांना थेट एकमेकांशी जोडतो, सर्व्हरवरून चित्र जातच नाही. तिसरा आला की काम व्हिडिओब्रिजकडे, म्हणजे जित्सीच्या एसएफयूकडे जातं आणि त्याला यूडीपी १०००० हा पोर्ट लागतो. तो फायरवॉलवर बंद असतो, किंवा राउटरने सर्व्हरकडे वळवलेला नसतो, किंवा ब्रिज बाहेरच्यांना आपला १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता सांगत असतो. म्हणून चाचणीला तिघं हवेत आणि त्यातला एक वायफाय बंद करून मोबाइल डेटावर हवा. आतल्यांना दिसतं आणि बाहेरच्यांना दिसत नाही, तर आधी हेच तपासा. ब्रॉडबँड कंपनीने स्वतंत्र सार्वजनिक आयपी दिलेलाच नसेल तर पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी आत पोहोचणार नाही. स्टॅटिक आयपी मागून घ्यावा लागतो.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. साध्या एचटीटीपीवर ब्राउझर कॅमेरा देतच नाही, मग सर्व्हर शेजारच्या टेबलावर का असेना. त्यामुळे नुसत्या आयपी पत्त्यावर भागत नाही. डोमेन घ्या आणि लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र बसवा. डीएनएस नोंदीतून मालकी सिद्ध केली की सर्व्हर इंटरनेटला उघडा नसला तरी ते मिळतं. शिवाय कार्यालयातल्या डीएनएसमध्ये त्याच नावासमोर आतला पत्ता लिहा, म्हणजे शेजारी बसलेला माणूस राउटरवरून वळसा घेऊन येणार नाही. आणि लॉगिन चालू करा. जित्सी बसवल्या बसवल्या सताड उघडा असतो. पत्ता माहीत असलेला कोणीही खोली सुरू करू शकतो.

रोज प्रशिक्षण चालत असेल, फळ्यावर लिहायचं असेल, गट पाडायचे असतील, तर बिगब्लूबटन पाहा. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात वर्गासाठीच ते बनलं आणि अजूनही वर्गासारखंच वागतं. पण त्याला किमान १६ जीबी मेमरी आणि ८ कोअर हवेत, शिवाय बनवणारे सांगतील तीच उबंटूची आवृत्ती. नेक्स्टक्लाउड आधीच वापरात असेल तर त्यातलं टॉक तीन-चार जणांपुरतं चालतं. माणसं वाढली की त्यालाही वेगळा सर्व्हर जोडावा लागतो.

राहिलं रेकॉर्डिंग. जित्सीत ते जिब्री नावाचा जोडप्रोग्राम करतो. तो चक्क क्रोम उघडून मीटिंगमध्ये येऊन बसतो आणि पडद्यावर दिसेल ते टिपतो, म्हणून प्रोसेसर भरपूर खातो. एक जिब्री एका वेळी एकच मीटिंग टिपतो. दोन हव्यात तर दोन जिब्री. इतिवृत्त लिहिणारा माणूस कार्यालयात असेल तर पहिले काही महिने ही भानगड नकोच.